डीएक्स७ नागपूरला सुरू होतो, मंडपात होत नाही : अपग्रेड केलेल्या जुन्या सिंथचा स्टार्टिंगचा फॉल्ट

"भाऊ, नागपूरले चालते, इथं काऊन चालत नाही?"

दिवाळी झाली, गावोगावी मंडई म्हणजे जत्रा भरायला लागली आणि पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटकांचा मोसम उघडला, की हा प्रश्न हटकून येतो. वडसा, ब्रह्मपुरी, सिंदेवाही, आरमोरी, साकोली, कुठूनही. कीबोर्ड बहुतेक वेळा यामाहाचा डीएक्स७ सिंथेसायझर, म्हणजे सिंथ, तोही पहिला, १९८३ साली बाजारात आलेला. कधीकाळी शहरातल्या एखाद्या ऑर्केस्ट्राकडून घेतलेला, चार हातांतून फिरलेला आणि मधल्या काळात कुणीतरी अपग्रेड केलेला. दुकानात टेबलावर ठेवला की पहिल्या झटक्यात सुरू होतो. रात्री दहाला मंडपात लावला की स्क्रीनवर नुसती काळी पट्टी. ऑर्गनवाला नांदीचा सूर धरून बसलाय आणि कीबोर्डवाला स्विच खाली-वर करतोय.

पुढं ठरलेलं असतं. मोसम संपला की कीबोर्ड परत नागपूरला जातो, तिथं चालतो, संशयावरून एखादी आयसी बदलली जाते, पैसे दिले जातात आणि पुढच्या दिवाळीत पुन्हा तीच पट्टी. म्हणून माझा आग्रह एवढाच आहे : फॉल्ट ज्या जागी आणि ज्या वेळी होतो त्याच जागी, त्याच वेळी मीटर लावा, आणि कुठल्याही आयसीवर बोट ठेवण्याआधी आतल्या ५ व्होल्टच्या सप्लायवर ठेवा. बाकीचं सगळं त्याच्या नंतर.

खालचं लिखाण पहिल्या डीएक्स७ला धरून आहे. १९८७ साली आलेला डीएक्स७ टू आतून वेगळा आहे. पण ट्रान्सफॉर्मर आणि लिनियर रेग्युलेटरवर चालणाऱ्या त्या काळातल्या कुठल्याही सिंथला विजेचा भाग जसाच्या तसा लागू पडतो.

अपग्रेड म्हणजे काय काय केलेलं असतं, तेही आधी पाहून घ्या. सगळ्यात जास्त वेळा मूळ बिनप्रकाशाचा एलसीडी काढून बॅकलाइटवाला बसवलेला असतो, कारण मंडपात मूळचा दिसतच नाही. दुसरं, ईप्रॉम, म्हणजे कीबोर्डचा प्रोग्रॅम साठवणारी आयसी, बदललेली असते. काहींत ऐंशीच्या दशकातला 'ई!' किंवा 'सुपरमॅक्स'सारखा मेमरी वाढवणारा बोर्ड असतो. बोर्डावर सोल्डर केलेल्या सेलच्या जागी होल्डर आलेला असतो. आणि अलीकडं मूळ सप्लाय काढून एसएमपीएस, म्हणजे ट्रान्सफॉर्मरऐवजी स्विचिंगवर चालणारा सप्लाय, टाकायची हौस वाढली आहे. यातलं आपल्या कीबोर्डात काय आहे हे मालकालाच माहीत नसतं. तेव्हा पहिलं काम, झाकण उघडून मोबाइलवर चार-सहा फोटो काढून ठेवणे. कुठली रिबन कुठं होती, आयसीची खाच कुठल्या बाजूला होती, हे नंतर आठवत नाही.

आधी नुसतं बघा

चांगला डीएक्स७ चालू केल्यावर लाल एलईडीवर आकडा येतो, एलसीडीवर यामाहा डीएक्स७ सिंथेसायझर अशी पाटी क्षणभर दिसते आणि मग आवाजाचं नाव येतं. फॅक्टरीचे आवाज भरलेले असतील तर पहिला ब्रास १. हे सगळं दोन-तीन सेकंदांत उरकतं. यातलं काय आलं आणि काय नाही, यावरच अर्धं निदान होतं.

लाल आकडा आला, पट्टी दाबल्यावर आवाज आला, पण एलसीडी कोरा किंवा सगळा काळा : कीबोर्डचं डोकं ठीक आहे, भानगड फक्त डिस्प्लेची. लाल आकडा नाही, आवाज नाही आणि एलसीडीच्या वरच्या ओळीत सोळा काळे चौकोन : डिस्प्लेला वीज मिळाली, पण प्रोसेसरने त्याला एकही हुकूम दिला नाही, म्हणजे प्रोसेसर उठलाच नाही. हीच ती बदनाम काळी पट्टी. काहीच पेटलं नाही तर फ्यूज, स्विच, वायर. आणि पाटी आली, नाव आलं पण नावाच्या जागी कचरा अक्षरं : मेमरी पुसली गेली.

ही चार लक्षणं वेगवेगळ्या रोगांची आहेत. फोनवर सगळे "चालू होत नाही" एवढंच सांगतात, म्हणून मी आधी लाल आकड्याचंच विचारतो.

अजून एक. स्विच खटाखट खाली-वर करू नका. प्रोसेसरला सुरुवातीचा रीसेट मिळण्यासाठी सप्लाय पूर्ण खाली बसून पुन्हा वर चढावा लागतो. कंडेन्सर रिकामे व्हायच्या आत परत चालू केलं तर रीसेट नीट मिळत नाही आणि असलेला फॉल्ट दुप्पट दिसतो. बंद केल्यावर पंधरा-वीस सेकंद थांबा, नांदी कितीही जवळ आली असली तरी.

मंडपातली वीज

इथं जरा सविस्तर लिहितो, कारण आपल्याकडच्या काळ्या पट्ट्यांचं मूळ बहुतेक वेळा इथंच असतं.

डीएक्स७चा मूळ सप्लाय साधा आहे : ट्रान्सफॉर्मर, डायोड, मोठा कंडेन्सर आणि त्यापुढं व्होल्टेज एका जागी धरून ठेवणारा रेग्युलेटर. बाहेर तीन व्होल्टेज : डिजिटल भागाला ५, आवाजाच्या भागाला अधिक १५ आणि उणे १५. या जातीच्या रेग्युलेटरला बाहेर ५ द्यायचे तर आत किमान ७ च्या आसपास लागतात. आता हिशेब करा. समजा २३० व्होल्टवर त्या मोठ्या कंडेन्सरवर १० व्होल्ट असतात. डीपीपाशी रात्री २१० आले. तिथून मंडपापर्यंत १ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर १०० मीटर ओढली आहे. अशा वायरचा रोध किलोमीटरला १८ ओहमच्या आसपास, जाऊन-येऊन २०० मीटरला ३.६ ओहम. लाइट, अॅम्प्लिफायर, पंखे मिळून १० अँपिअर ओढले तर ३६ व्होल्ट वायरीतच गेले. कीबोर्डपाशी उरले १७४. त्या प्रमाणात आतले १० व्होल्ट साडेसातवर आले, आणि दर अर्ध्या सायकलला कंडेन्सर थोडा रिकामा होतो तो खड्डा धरला तर ७ च्याही खाली. म्हणजे सेकंदाला शंभर वेळा ५ व्होल्ट खचतात. वायर अॅल्युमिनियमची असेल तर हाल आणखी वाईट.

एलसीडीला यात फारसं काही वाटत नाही, तो काळे चौकोन दाखवत बसतो. प्रोसेसर मात्र पहिल्याच खड्ड्यात पडतो. नागपूरच्या टेबलावर २३० असतात, म्हणून तिथं तो गुणी बाळ.

त्यात बॅकलाइटची भर. जुन्या धाटणीचा हिरवा बॅकलाइट एकटाच १०० मिलिअँपिअरच्या वर खाऊ शकतो. मूळ सप्लायमध्ये जी थोडी सवड होती ती तिथं संपते. म्हणून "डिस्प्ले बदलल्यापासून मंडपात चालू होत नाही" ही तक्रार खोटी नसते, पण दोष डिस्प्लेचा नसतो. तपासायला सोपं आहे : बॅकलाइटची एक वायर सोडवा आणि त्याच मंडपात, त्याच लोडवर पुन्हा चालू करून पाहा. सुरू झाला तर उत्तर मिळालं. मग पांढरा, कमी करंटचा बॅकलाइट योग्य रेझिस्टन्स लावून बसवा.

मोजायचं कुठं, तर कीबोर्डचा प्लग ज्या बोर्डात लागतो तिथंच. लाइटवाल्याचे सगळे लाइट, साउंडवाल्याचे सगळे अॅम्प चालू असताना. दुपारी रिकाम्या मंडपात घेतलेलं माप काही कामाचं नाही.

इन्व्हर्टरने तर भल्याभल्यांना फसवलं आहे. घरगुती स्वस्त इन्व्हर्टर चौकोनी लाट देतो. आपल्या घरच्या विजेची लाट गोल असते आणि २२० व्होल्टला तिचं शिखर ३११ पर्यंत जातं. डीएक्स७चा कंडेन्सर भरतो तो या शिखरावर. शुद्ध चौकोनी लाटेत शिखरही २२० च असतं, म्हणजे कंडेन्सरला जवळपास तीस टक्के कमी मिळतं. मीटर म्हणतो वीज बरोबर आहे, कीबोर्ड मात्र दीडशेच्या विजेवर चालल्यासारखा वागतो. वर साधा मीटर गोल लाटेसाठी बनवलेला असल्यामुळं चौकोनी लाटेवर अकराएक टक्के वाढवूनच सांगतो. तेव्हा इन्व्हर्टर घ्यायचाच तर प्युअर साइन वेव्ह घ्या. मूळ सप्लायवाल्या सिंथला दुसरा उपाय नाही.

जनरेटरवर चालवताना उलटी भीती जास्त. लाइट एकदम बंद झाले की व्होल्टेज उसळतं. आणि मंडपात थ्री फेज घेतला असेल आणि न्यूट्रल ढिली असेल, तर एका फेजवर दोनशेच्या खाली आणि दुसऱ्यावर तीनशेकडं असा खेळ होतो. यात ट्रान्सफॉर्मर जळतो, नुसतं सुरू न होण्यावर भागत नाही. प्लग लावण्याआधी टेस्टरच्या भरवशावर राहू नका, मीटर लावा. हाय-कट असलेला छोटा स्टॅबिलायझर कीबोर्डासाठी वेगळा ठेवा. फ्रिजचा जुना पडलेला असेल तर तोही चालतो, फक्त तो जास्त व्होल्टेजला खरंच कट करतो की नाही हे एखाद्या वायरमनकडून तपासून घ्या.

बाहेरून आलेले काही डीएक्स७ ११० किंवा १०० व्होल्टचे असतात. त्यांना स्टेप-डाउन लागतो. मागची पाटी वाचा. १०० वाल्याला ११० चा स्टेप-डाउन लावून लोक चालवतात आणि मग रेग्युलेटर तापतो म्हणून रडतात.

झाकण उघडल्यावर

प्लग काढून मगच झाकण उघडा आणि ट्रान्सफॉर्मरच्या बाजूला हात घालू नका. मोजताना वीज लागतेच, तेव्हा काळी पिन एकदा ग्राउंडला क्लिपने अडकवून टाका आणि एकाच हाताने काम करा.

५ व्होल्ट सप्लायच्या टोकाला नाही, मेन बोर्डावर एखाद्या आयसीच्या पायावर मोजा. ४.७५ ते ५.२५ च्या आत हवेत. सप्लायपाशी ५.०५ आणि बोर्डावर ४.६ असतील तर मधला कनेक्टर काळा पडलाय. तो नुसता काढून-घालूनही बरेच वेळा सुधारतो, पण ती सुधारणा मोसमभर टिकत नाही. पिना साफ करा, वायरी दाबून बसवलेल्या जागी ड्राय झाल्या असतील तर नव्याने सोल्डर मारा.

मग मीटर एसीवर करून तीच जागा मोजा. लहरी किती आहेत ते दिसेल. काही दहा मिलिव्होल्ट ठीक, काही शे मिलिव्होल्ट म्हणजे कंडेन्सर गेला किंवा रेग्युलेटर खड्ड्यात जातोय. अगदी स्वस्त मीटर एसीवर ठेवला तरी डीसी मिसळून काहीही आकडा दाखवतो. एका साध्या सेलवर एसी मोजून पाहा, शून्य आलं तरच त्या मीटरवर विश्वास ठेवा.

कंडेन्सरचा विषय निघालाच आहे तर थंडीचं सांगतो. पूस-माघात गडचिरोलीकडच्या उघड्या मंडपात पहाटे काय गारठा असतो ते कीबोर्डवाल्यांनाच माहीत. चाळीस वर्षांचा इलेक्ट्रोलायटिक कंडेन्सर आधीच आतून सुकलेला असतो, थंडीत त्याचा आतला रोध आणखी वाढतो. म्हणून संध्याकाळी आठला सुरू झालेला कीबोर्ड रात्रभर चालतो, पण मध्यंतरात बंद करून थंडगार झाला की पुन्हा उठत नाही. खात्री करायला केस वाळवायचा ड्रायर पुरतो. सप्लायच्या कंडेन्सरांवर मिनिटभर गरम हवा मारा, बाकी बोर्डावर पडू देऊ नका, मग चालू करा. उठला तर कंडेन्सर बदला : तेवढेच मायक्रोफॅरड, व्होल्टेज तेवढं किंवा जास्त, १०५ अंशांचे. जास्त मायक्रोफॅरड टाकले की जास्त चांगलं, असं नसतं. चालू होतानाचा झटका वाढतो आणि डायोड ताण सोसतात.

लोक रात्री टेम्पोत उघड्यावर कीबोर्ड आणतात आणि तसाच गर्दीच्या उबेत स्टेजवर ठेवतात. धानाच्या पट्ट्यात हवेत ओल असते, थंड पत्र्यावर आतून दव धरतं. कव्हर न काढता अर्धा तास ठेवा, मग उघडा.

काळी पट्टी, पण वीज चोख

आता खरं आयसीकडं वळायचं. पण तेही ठरावीक वळणानं.

आधी नवं-जुनं वेगळं करा. मेमरीचा बोर्ड लावला असेल तर तो काढा, मूळ प्रोग्रॅमची ईप्रॉम असेल तर ती परत लावा, डिस्प्ले मूळचा असेल तर तोही. मूळ रूपात कीबोर्ड उठला तर भानगड अपग्रेडच्या सांध्यात आहे. मूळ ईप्रॉम लोक जपून ठेवत नाहीत, हे दुर्दैव. जुना कीबोर्ड विकत घेताना ती मागून घ्या, खिडकीवरच्या स्टिकरसकट. ते स्टिकर शोभेचं नाही. उन्हातल्या अतिनील किरणांनी आतला प्रोग्रॅम हळूहळू पुसला जातो, म्हणून ती खिडकी झाकायची असते.

सांधे म्हणजे मुख्यतः आयसी बेस. पत्र्याच्या पातळ पात्यांच्या बेसमध्ये जाड गोल पिनांचा बोर्ड घुसवला की पाती फाकतात. तो बोर्ड असेपर्यंत चालतं, पण नंतर साधी ईप्रॉम लावली की ती ढिली बसते. मग "अपग्रेड काढला तरी चालत नाही, म्हणजे मेन बोर्डच गेला" असा निष्कर्ष निघतो. आयसी थोडी तिरकी दाबून धरून चालू करा. उठला तर बेस बदला. बदलताना ट्रॅक उचलला जाणार नाही एवढा संयम ठेवा, नाही तर ज्याचा हात बसलाय त्याला द्या. आयसीचे पाय काळे झाले असतील तर पेन्सिलच्या खोडरबराने हलकेच पुसा, फार घासू नका. आणि आयसी काढून पुन्हा लावताना एखादा पाय आत दुमडून बसतो. वरून पाहता सगळं व्यवस्थित, आत एक पाय पोटाखाली. भिंगाने बाजूने पाहिल्याशिवाय कळत नाही.

ईप्रॉमची एक खास गोम आहे, ती फार जण चुकवतात. मूळ प्रोग्रॅम १६ किलोबाइटचा, २७१२८ जातीत मावणारा. आता बाजारात २७२५६ सहज मिळते, पायही अठ्ठावीसच, म्हणून तीच भरून लावतात. पण २७१२८ च्या २७व्या पायावर प्रोग्रॅमिंगची रेघ असते आणि वाचताना ती साधारणपणे बोर्डावर ५ व्होल्टला बांधलेली असते. २७२५६ मध्ये तोच पाय पत्त्याची सर्वांत वरची रेघ आहे. ती ५ व्होल्टला बांधली म्हणजे प्रोसेसर आयसीचा वरचा अर्धाच भाग वाचतो. प्रोग्रॅम खालच्या अर्ध्यात भरला असेल तर वर सगळं रिकामं, आणि प्रोसेसरला पहिली ओळही मिळत नाही. काळी पट्टी. प्रोग्रामरवर आयसी अगदी बरोबर व्हेरिफाय होते, म्हणून तिच्यावर संशय येत नाही. उपाय सोपा : तोच प्रोग्रॅम दोन्ही अर्ध्यांत दोनदा भरा.

ईप्रॉम, बेस, सप्लाय तिन्ही ठीक असतील तर रीसेटची रेघ पाहा. चालू केल्यावर क्षणभर शून्याजवळ राहून ती वर चढली पाहिजे. कायम खाली असेल तर तिथला छोटा कंडेन्सर किंवा ट्रान्झिस्टर. झटकन वर जात असेल तर रीसेट अपुरा. त्यानंतर क्लॉक, म्हणजे प्रोसेसरला ठेका देणारा सिग्नल. तिथं मीटर पुरत नाही, ऑसिलोस्कोप असलेल्या माणसाकडं जा.

आणि हो, सुपरमॅक्स किंवा तत्सम बोर्ड काढल्यावर किंवा प्रोग्रॅम बदलल्यावर मेमरीत जुन्या मांडणीचा माल पडून असतो. नवा प्रोग्रॅम तो वाचताना अडखळू शकतो. सेल काढून, कीबोर्ड बंद ठेवून रात्रभर राहू द्या, मग सुरू करा. आवाज मात्र आधी बाहेर काढून ठेवायचे.

डिस्प्लेचा फॉल्ट

हा भाग छोटा आहे. आवाज येतो, डिस्प्ले कोरा : तिसरा पाय कॉन्ट्रास्टचा. मूळ डिस्प्लेला लागणारं व्होल्टेज नव्याला जुळेलच असं नाही. ५ व्होल्ट आणि ग्राउंडच्या मध्ये १० किलोओहमचा प्रीसेट (फिरवता येणारा छोटा रेझिस्टन्स) लावून मधला पाय तिसऱ्याला द्या आणि फिरवा. बहुतेक डिस्प्लेंवर ग्राउंडच्या जवळ अक्षरं उमटतात. कडाक्याच्या थंडीत अक्षरं फिकट होतात आणि मे महिन्यात चंद्रपूरच्या उन्हात पूर्ण काळी, तेव्हा प्रीसेट बाहेरून फिरवता येईल अशा जागी बसवला तर बरं. नव्या डिस्प्लेला सोळा पाय असतात, शेवटचे दोन बॅकलाइटचे. मूळच्या चौदाच्या रिबनमध्ये ते नसतात. ते दोन पाय उलटे जोडले की बॅकलाइट पेटत नाही एवढंच होतं, पण पहिला आणि दुसरा पाय उलटे झाले तर डिस्प्ले गेला. काही डिस्प्लेंवर हे दोन पाय उलट क्रमाने असतात. जोडण्याआधी त्याचा कागद वाचा.

सेल आणि "आवाजच येत नाही"

चालू करताना "चेंज बॅटरी" असा निरोप आला तर आतला सीआर२०३२ संपत आलाय. फंक्शनमध्ये बॅटरी चेक आहे, तिथं व्होल्ट दिसतात. नवा सेल तीनच्या थोडा वर असतो. अडीचच्या जवळ आला की बदला.

पण एक गैरसमज इथंच मोडायला हवा : सेल मेला म्हणून डीएक्स७ सुरू व्हायचा थांबत नाही. सेल फक्त बंद असताना आवाज आठवणीत ठेवतो. काळ्या पट्टीवर सेल बदलणं म्हणजे ताप आलेल्याला चष्मा देणं.

होल्डर बसवलेला असेल तर तो उलटा जोडलाय का ते पाहा. आणि त्यात चार्जेबल सेल टाकू नका. हा सर्किट त्याला चार्ज करत नाही, शिवाय भरलेल्या चार्जेबल सेलचं व्होल्टेज मूळ हिशेबापेक्षा जास्त असतं. नव्या सेलच्या अंगावर थेट सोल्डर मारणारे कारागीर अजून आहेत. गरम होऊन सेल फुगतो, कधी फुटतो. टॅग लावलेला सेल घ्या किंवा होल्डर.

सेल गेल्यावरचा मजेशीर फॉल्ट म्हणजे "स्क्रीन ठीक, आवाज नाही." मेमरीत कचरा भरला की एखाद्या आवाजाचे सगळे ऑपरेटर (सूर घडवणारे भाग) शून्य लेव्हलला असू शकतात किंवा अॅटॅक, म्हणजे सूर चढण्याचा वेग, इतका मंद की सूर यायला मिनिट लागेल. लोक आवाजाची आयसी गेली म्हणून कपाळाला हात लावतात. फंक्शनमध्ये व्हॉइस इनिट करा, दोनदा यस म्हणा. साधा, सपाट सूर वाजला तर आवाजाचा भाग धडधाकट आहे, फक्त आवाज भरायचे बाकी आहेत. सूर आला नाही तर अधिक १५ आणि उणे १५ मोजा. यातला एक गेला तरी स्क्रीन सुंदर आणि कीबोर्ड मुका. मग व्हॉल्यूमची पट्टी. धानाच्या भुशाची धूळ तिच्यात जाऊन बसते आणि सरकवताना खरखर होते, किंवा एका जागी आवाजच तुटतो.

आवाज भरायला लॅपटॉप आणि मिडीची वायर पुरते. बत्तीस आवाजांची फाइल ४१०४ बाइटची असते. त्यापेक्षा कमी-जास्त असेल तर ती फाइलच चुकीची. कीबोर्डवर मेमरी प्रोटेक्ट इंटर्नल ऑफ करा, मिडीच्या बटणावर सिस इन्फो अव्हेलेबल करा, आणि पाठवा. याच बटणावर पुढं मिडी ट्रान्समिट आहे, त्याने उलट दिशेनं आवाज लॅपटॉपमध्ये घेता येतात. दिवाळीआधी एकदा तेवढं करून ठेवा. कुठला कलाकार कुठल्या गाण्याला कुठला आवाज मागतो ते त्या बत्तीस खणांत असतं, आणि ते कुठल्याही दुकानात मिळत नाही.

फंक्शन, १६ आणि ३२ ही तीन बटणं मिळून टेस्ट मोड उघडतो. तिथं प्रोग्रॅमची आवृत्ती दिसते आणि बटणं, पट्ट्या एकेक तपासता येतात. आत जाण्याआधी आवाज बाहेर काढलेले असू द्या.

एसएमपीएस टाकलेला असेल तर

चांगला एसएमपीएस ९० ते २६४ व्होल्टपर्यंत कुठंही चालतो, त्यामुळं मंडपातली निम्मी रड मिटते हे मान्य. तरी मला तो फारसा आवडत नाही. स्वस्त युनिटमध्ये हलक्या लोडवर एखादं व्होल्टेज नीट उभंच राहत नाही, आवाजात बारीक शिट्टी शिरते, आणि अर्थिंग नसलेल्या मंडपात पत्र्याला हात लावला की झिणझिण्या येतात. त्या झिणझिण्या घेऊन गायकाने माइकला ओठ लावले की खेळ होतो. अर्थिंगचा सळी ठोकून घ्या, तिसरी पिन कापू नका. आणि टाकायचाच असेल तर तिन्ही व्होल्टेज एकाच युनिटमधून घ्या. तीन वेगळ्या डबड्यांतून घेतली की कुणी आधी, कुणी नंतर उठतं आणि चालू होताना स्पीकरमधून धाडकन आवाज येतो.

किडे, उंदीर आणि शेवटी आयसी

बंद मोसमात कीबोर्ड कोठीत पडून असतो. मुंग्या, पालीची अंडी, मिडीच्या भोकात कुंभारणीचं मातीचं घर, रिबन कुरतडलेली, सगळं पाहायला मिळतं. पावसाळ्यात महिन्यातून एकदा चालू करून तासभर ठेवला तर कंडेन्सरही सुधारतात आणि आत ओलही राहत नाही.

राहिल्या दोन खास आयसी, वायएम२१२८० आणि वायएम२१२९०. आवाज घडवणाऱ्या त्याच, आणि त्या आता बनत नाहीत. जुन्या मेलेल्या डीएक्स७मधूनच काढून मिळतात, तीही महाग. स्क्रीन बरोबर, इनिट केलेला सूर फाटलेला किंवा ठरावीक सुरांनाच खरखर, आणि अधिक-उणे १५ चोख असतील, तेव्हा या दोघींवर संशय घ्यायला जागा आहे. काळ्या पट्टीसाठी मात्र कुणी पहिल्याच दिवशी यांची किंमत सांगायला लागला, तर कीबोर्ड उचला आणि घरी घेऊन या.